नेहमी म्हणजे किती वेळा

पंचावन्नाव्या वर्षी माणसाने गृहपाठ करू नये. केलाच तर घरी करावा, आणि घरी केलेला घरीच ठेवावा. वजनमापे कार्यालयातल्या रेकॉर्डच्या आप्पांनी यातलं पहिलं पथ्य नाइलाजाने मोडलं आणि दुसरं मोडलं ते निव्वळ व्यवस्थितपणापायी. गबाळ्या माणसाच्या हातून एवढा अनर्थ घडूच शकला नसता.

नाइलाज असा, की अधीक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि तिला दोन अटी होत्या. खात्याची इंग्रजीची परीक्षा पास हवी आणि सेवापुस्तकात एकही शेरा नको. दुसऱ्या अटीची आप्पांना काळजी नव्हती. सत्तावीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकातलं शेऱ्यांचं पान कोरंच्या कोरं होतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण अख्ख्या कार्यालयाच्या सेवापुस्तकांत नोंदी तेच करत, स्वतःच्यासुद्धा.

आता कोणी म्हणेल, या वयात पदाची एवढी हाव कशाला. पदाची हाव नव्हतीच. अधीक्षकाच्या खोलीला दार होतं, एवढंच. आप्पांचं टेबल सत्तावीस वर्षं व्हरांड्यात, प्रवेशद्वाराच्या तोंडाशी होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्यापाशी थांबे आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारे. आप्पांनी ते आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल याचा हिशेब नाही. निवृत्तीआधी निदान दोन वर्षं तरी आपण एका खोलीत बसावं, दार लोटून घ्यावं आणि बाहेरच्याने आधी टकटक करावी, एवढी त्यांची इच्छा होती. ती त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती. ती म्हणाली होती, "मग लावा क्लास."

क्लास एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर भरे. शिकवणाऱ्या बाई आप्पांच्या मुलीच्या वयाच्या होत्या, पण फळ्यासमोर उभ्या राहिल्या की आप्पांना आपोआप हाताची घडी घालावीशी वाटे. एका संध्याकाळी बाईंनी सांगितलं, की इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ फक्त आत्ता चाललेल्या गोष्टीसाठी नसतो. एखाद्याची खोड तुमच्या डोक्यात जात असेल, तर तिलाही हाच काळ वापरतात. मध्ये 'ऑलवेज' घालायचं. तो माणूस ते सदासर्वकाळ करत असतो असं नाही, पण तुम्हाला तसं वाटतं. आप्पा थक्कच झाले. कुरकुर करायला अख्खा काळ राखून ठेवणारी भाषा जगावर राज्य का करते, हे त्यांना त्या दिवशी उमगलं.

"दहा वाक्यं लिहून आणा," बाई म्हणाल्या. "पुस्तकातली नकोत. खऱ्या माणसांवर लिहा. खरा राग असला की वाक्य विसरत नाही."

त्या संध्याकाळी आप्पा जेवणाच्या टेबलावर बसले आणि त्यांनी 'माय वाइफ इज ऑलवेज' इथपर्यंत मजल मारली. समोर बायको शब्दकोडं सोडवत होती.

"वाइफ म्हणजे मीच ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"उदाहरण आहे गं. व्याकरणाचं."

"लिहा की. मग मी पण लिहीन म्हणते. येताना दोनशे पानी वही घेऊन या."

आप्पांनी ओळ खोडली. राग काही खोडता येत नाही, तो उताराच्या दिशेने वाहतो. तो वाहत वाहत त्यांच्या कार्यालयातल्या साहेबांपाशी गेला. आणि मग काय विचारता, अर्ध्या तासात दहा वाक्यं कागदावर उतरली. 'अवर ऑफिसर इज ऑलवेज क्लीनिंग हिज इअर विथ द कपाट की.' कपाटाला काय म्हणतात ते आप्पांना त्या घटकेला आठवलं नाही, पण रागाच्या भरात त्यांनी पुढे मजल मारली. साहेब नेहमी दुसऱ्याच्या कपातला चहा पितात. साहेब नेहमी एकाच गाण्याची अर्धी ओळ गुणगुणतात आणि पुढची अर्धी माणसाला दिवसभर डोक्यात पुरी करावी लागते. साहेब नेहमी पेन मागून नेतात आणि टोपणाशिवाय परत करतात. साहेब नेहमी 'एकच मिनिट' म्हणतात आणि तासाभराने येतात. अशी दहा. लिहून झाल्यावर आप्पांना इतकं हलकं वाटलं, की ते बायकोला आपणहून म्हणाले, "कोड्यात काही अडलंय का?"

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तो सवयीने. कोरा कागद हाती आला की आप्पा त्याला चौथाई समास दुमडत, वर तारीख घालत, त्याखाली विषय लिहीत आणि शेवटी सही ठोकत. किराण्याची यादीसुद्धा ते अशीच करत. गृहपाठाच्या माथ्यावर त्यांनी लिहिलं, 'विषय : सवयींबाबत.'

बाईंनी कागद तपासला. मोठ्या वयाचे विद्यार्थी लाल शाईला बिचकतात असा बाईंचा अनुभव होता, म्हणून त्या हिरव्या शाईने तपासत. दहाही वाक्यांना हिरव्या खुणा आल्या आणि खाली शेरा आला, 'व्हेरी गुड. कॅरी ऑन.' त्याखाली कोंबडीने पाय पुसल्यासारखी सही.

आता वजनमापे कार्यालयात हिरवी शाई म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिथे कारकून निळ्या शाईने लिहीत, साहेब काळ्या, आणि हिरवी शाई एकट्या मोठ्या साहेबांची. मोठे साहेब वरच्या मजल्यावर बसत. त्यांनी हिरव्या शाईत नुसती रेघ ओढली, तरी खाली चार टेबलं ती कशाची असेल याचा विचार करत. दुसऱ्या कोणाच्या खिशात हिरवं पेन सापडलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आप्पांनी उजळणीसाठी गृहपाठ बाहेर काढला. तेवढ्यात एक दुकानदार जुन्या तराजूचा दाखला मागायला आला. आप्पांनी कागद उजव्या हाताला वजनाखाली ठेवला आणि बसल्या जागीच वळून मागच्या कपाटात हात घातला. आप्पांच्या उजव्या हाताला जे असेल ते आवकेला न्यायचं, हा म्हाताऱ्या शिपायाचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. आप्पा वळून पाहतात तो टेबलावर नुसतं वजन.

ते धावत आवकेत गेले नाहीत, कारण खुर्ची सोडून कुठे जायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी शिपायाला पाठवलं. शिपाई परत आला आणि म्हणाला, "क्रमांक पडला."

क्रमांक पडला म्हणजे संपलं. आवक क्रमांक पडलेला कागद कार्यालयात जन्माला येतो आणि निकाली निघाल्याशिवाय मरत नाही. आवक कारकुनाचं इंग्रजी यथातथाच, पण त्याने तारीख वाचली, विषय वाचला, आप्पांची सही ओळखली आणि हिरवी शाई बघून तो खुर्चीतून उभा राहिला. त्याने कागदावर लाल चिठ्ठी लावली. 'वरिष्ठांच्या आदेशान्वये कार्यवाहीस्तव.' संध्याकाळपर्यंत साहेबांविरुद्धच्या या तक्रारीवर तीन माणसांची चौकशी समिती बसलीसुद्धा.

घरी आप्पांनी घास चिवडत सगळं सांगितलं. ऐकायला वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर होते. ते न बोलावता येत आणि न विचारता सल्ला देत, आणि दोन्ही गोष्टी वक्तशीरपणे करत.

"सोपं आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "एक अर्ज द्या, की मी तो कागद मागे घेतो. विषय संपला."

"नका हो देऊ," बायको म्हणाली. "एका कागदाने एवढं झालंय."

"वहिनी, चाळीस वर्षं कागदात काढलीत मी."

आप्पांनी अर्ज दिला. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. समितीने अर्ज वाचला आणि तक्रारदारावर तक्रार मागे घेण्यासाठी कोणी दबाव आणला, हा चौकशीचा दुसरा मुद्दा काढला. आता साहेबांवर खोडींच्या जोडीला धाकदपटशाचाही आळ आला. पोस्टमास्तरांना हे कळवल्यावर ते म्हणाले, "आमच्या खात्यात असं होत नसे."

समितीचे अध्यक्ष भांडारपाल होते. दोन वजनांच्या मध्ये जन्म गेल्याने ते कोणतीही गोष्ट तोलूनच बोलत.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच. पण साहेब, हा गृहपाठ आहे."

"आणि ही हिरवी सही?"

"आमच्या क्लासच्या बाईंची."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे ही मोठ्या साहेबांची सही नाही, असं तुमचं म्हणणं."

"हो."

"द्या लिहून. मग आम्ही ते वर पाठवतो. कळवतो, की आम्ही आपल्या सहीऐवजी औषधांच्या दुकानावरच्या एका बाईंच्या सहीवर चौकशी चालवली. मोठे साहेब खूश होतील. तुमच्यावर आधी होतील."

आप्पांनी लिहून दिलं नाही. सरळ वर जाऊन मोठ्या साहेबांना विचारायचं धाडस कार्यालयात कोणालाच नव्हतं. सही त्यांची निघाली असती तर विचारणारा गाढव ठरला असता, आणि नसती निघाली तर सगळेच.

"आता मुद्द्यावर येऊ," अध्यक्ष म्हणाले. "तुम्ही प्रत्येक वाक्यात 'नेहमी' असं म्हटलंय. नेहमी म्हणजे किती वेळा?"

"तसं मोजून नाही. बाई म्हणतात, ते आपल्याला वाटण्यावर असतं."

"आपलं खातं कोणतं आहे, आप्पा?"

ज्या कार्यालयात लोखंडाच्या किलोलासुद्धा आपण किलो असल्याचा शिक्का दर वर्षी मारून घ्यावा लागतो, तिथे 'नेहमी' असा मोकळा सुटणं शक्य नव्हतं. समितीने आदेश दिला. तक्रारदाराने पंधरा दिवस नोंदवही ठेवावी आणि खोड, वेळ व संख्या अशा रकान्यांत नोंदी कराव्यात. नोंदी जुळल्या तर साहेबांवर कारवाई. नाही जुळल्या तर तक्रार खोटी, आणि खोट्या तक्रारीचा शेरा तक्रारदाराच्या सेवापुस्तकात. चौकशी संपेपर्यंत दोघांनी आपसांत बोलायचं नाही.

म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. नोंदी केल्या तर एका भल्या माणसाचं वाटोळं, नाही केल्या तर दाराची आशा संपली. साहेब खरोखरच भला माणूस होता, हे आप्पांना याच दिवसांत आठवू लागलं. आप्पांची मुलगी आजारी होती तेव्हा याच साहेबांनी आठ दिवस रजेचा अर्ज मागितला नव्हता. पण भल्या माणसाच्या भलेपणावर कोणी दहा वाक्यांचा गृहपाठ देत नाही.

आणि साहेबांनी खोडी टाकल्या. सगळ्या, एका दिवसात. त्यांना वाटत होतं, की आपला कान मोठ्या साहेबांपर्यंत पोचला आहे. ते येत, खाली मान घालून आत जात आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसत. किल्ली त्यांनी शिपायाकडे देऊन टाकली. चहा बंद केला. कधी नकळत गाण्याचा पहिला सूर निघे, लगेच खोकला येई आणि मग बराच वेळ शांतता. आप्पांना ती शांतता गाण्यापेक्षा जास्त छळू लागली. नोंदवहीत रोज एकच शब्द पडत होता, निरंक.

"बरंच झालं की," बायको म्हणाली. "तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"मला दार हवं होतं," आप्पा म्हणाले, आणि त्यांना एकदम रडू कोसळेलसं वाटलं.

पंधराव्या दिवशी कार्यालय सुटल्यावर आप्पा वही बंद करणार, तोच साहेब त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं. साहेब बोलले नाहीत, बोलायची बंदी होती. त्यांनी आप्पांचा गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला. मग शिपायाच्या खुंटीवरची किल्ली काढून आणली आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत कानात घातली. अर्धी ओळ गुणगुणले. आप्पांचं पेन घेतलं, टोपण खिशात टाकलं आणि बोडकं पेन परत ठेवलं. एकेक करून न बोलता जमण्याजोग्या सगळ्या खोडी त्यांनी नीट, आस्ते आस्ते केल्या, आप्पांना लिहायला वेळ मिळावा म्हणून. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि नोंदवही आप्पांच्या पुढ्यात सरकवली.

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन हा माणूस आप्पांच्या सेवापुस्तकाचं पान कोरं ठेवू पाहत होता. त्याच्या हाताखालच्या सहा वर्षांत आप्पांनी त्याच्याबद्दल फक्त दहा वाक्यं लिहिली होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की जे समितीपुढे लिहायला मन धजलं नाही ते त्यांनी टोपण नसलेल्या त्या पेनाने सरळ लिहून टाकलं. 'सदर कागद माझा गृहपाठ असून हिरवी सही क्लासच्या बाईंची आहे. साहेबांचा काही दोष नाही.' खाली सही केली आणि तारीख घातली. साहेबांनी वाचलं आणि खुर्ची ओढून ते तिच्यावर बसले.

समितीचा थयथयाट झाला. पण लिहिलेलं पुसता येईना, तेव्हा सगळी फाइल झक मारत वर पाठवावी लागली. चार दिवस कोणी शिंकलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी फाइल खाली आली. चौकशीवर अवाक्षर नाही, बाईंच्या सहीवर नाही, समितीच्या शहाणपणावर नाही. फक्त आप्पांच्या नावाखाली हिरवी रेघ होती आणि समासात दोन शब्द, 'हा कोण?'

आप्पांनी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. सत्तावीस वर्षं मोठे साहेब रोज सकाळी त्यांच्या टेबलावरून जात होते. आधीचे मोठे साहेबही जात होते. कोणी कधी स्वच्छतागृहसुद्धा विचारलं नव्हतं, कारण त्यांचं वेगळं होतं.

उत्तर साहेबांनी द्यायचं होतं. त्यांनी काळ्या शाईत लिहिलं, 'सदर गृहस्थ गेली सत्तावीस वर्षं प्रवेशद्वाराशी बसतात. आपण रोज त्यांच्या समोरून जाता.'

"साहेब, असं लिहू नका," आप्पा कळवळून म्हणाले. "वरचे चिडतील."

"चिडू देत. टाका जावक क्रमांक."

तो कागद वर गेला आणि कार्यालयात बातमी पसरली, की उद्या मोठे साहेब येताना आप्पांच्या टेबलाशी थांबणार. बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. पोस्टमास्तर सकाळीच येऊन सांगून गेले, की उभं राहायचं, पण घाईने नाही, आणि नजर छातीच्या बटणावर ठेवायची. आप्पा साडेनवाला जागेवर होते. टाचण्यांची डबी, शिक्का, वजन, सगळं त्यांनी एका रेषेत मांडलं होतं.

दहा वाजता पायऱ्यांवर बूट वाजले. आप्पा घाईने नाही असं मनाशी म्हणत घाईघाईने उठले. गुडघा ड्रॉवरवर आपटला आणि टाचण्यांची डबी खाली जाऊन फुटली. शंभर टाचण्या वाटेत पसरल्या. मोठ्या साहेबांच्या बुटाखाली टाचणी आली तर, या विचारासरशी आप्पा टेबलाखाली शिरले आणि दोन्ही हातांनी टाचण्या गोळा करू लागले. त्यांना बूट दिसले. बूट थांबले. आप्पांना वर बघायचं होतं, पण डोकं टेबलाच्या आडव्या फळीत अडकलं होतं. बूट थोडा वेळ रिकाम्या खुर्चीसमोर उभे राहिले, मग जिन्याकडे गेले.

दुपारच्या टपालात दोन कागद आले. पहिला, चौकशीच्या धामधुमीतच दिलेल्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल. आप्पा पास होते, काळांच्या प्रश्नात तर पैकीच्या पैकी. दुसरा कागद वरून आला होता, सेवापुस्तकात नोंद घेण्यासाठी. अस्सल हिरव्या शाईत एकच इंग्रजी वाक्य होतं. 'ही इज ऑलवेज लीव्हिंग हिज सीट.'

साहेब बाहेर येऊन उभे राहिले होते. त्यांनी कागद वाचला आणि आप्पांकडे पाहिलं.

"मी लिहून देऊ का वर?" त्यांनी विचारलं.

"नको," आप्पा म्हणाले. "वाक्य बरोबर आहे."

त्यांनी बसल्या जागीच वळून मागच्या कपाटातून स्वतःचं सेवापुस्तक काढलं, शेऱ्यांचं कोरं पान उघडलं आणि चौथाई समास सोडून ते वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. तेवढ्यात तराजू काखेत धरलेला एक माणूस टेबलापाशी थांबला आणि त्याने काहीतरी विचारलं. आप्पांनी मान वर न करता हाताने डावीकडे दाखवलं आणि नोंदीखाली सही केली.